सहावा रकाना

१४ जुलै २०२५, सोमवार

डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितलं आहे. "रोज काय झालं ते लिहीत चला. मला आजार कळेल, तुम्हाला आई कळेल," असं म्हणाले. आई मला बासष्ट वर्षांपासून कळते आहे. पण डॉक्टरांशी वाद घालायचा नाही, असं चारुतानं रिक्षातच बजावलं होतं, म्हणून गप्प बसलो.

तर नोंद. रुग्णाचं नाव यमुनाबाई, वय चौऱ्याऐंशी, मुक्काम हर्सूल, आमच्याच घरी. आजार अल्झायमर. नोंद ठेवणार मी, तिचा एकुलता एक मुलगा हेमचंद्र, विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून निवृत्त. तेहतीस वर्षं फेरतपासणीच्या टेबलावर काढली. दुसऱ्यांच्या चुका शोधून त्यांखाली लाल रेघ ओढायची, हे माझं काम. चारुता म्हणते, निवृत्त झाल्यावरही तुम्ही ते फुकटात चालू ठेवलंय. बायकोच ती, म्हणणारच.

डॉक्टरांनी आईची तोंडी परीक्षा घेतली. वार, महिना, साल, सगळं चुकलं. "आजी, आपण कोणत्या गावात आहोत?" यावर मात्र ती ठसक्यात म्हणाली, "औरंगाबाद." मी सवयीनं डॉक्टरांच्या कागदाकडे पाहिलं. त्यांनी जुन्या नावालाही पूर्ण गुण दिले होते. मी खाकरलो. "हा गुण मी ऐंशीच्या पुढच्या सगळ्यांनाच देतो," ते म्हणाले. हे नियमात कसं बसतं ते मला कळलं नाही.

मग माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "आणि हे कोण?"

आईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चांगल्या घरचे दिसतात," म्हणाली.

चारुता हसली, डॉक्टर हसले. मीही हसलो. घरी आल्यावर आरशात एकदा नीट बघून घेतलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं. वहीची शेवटची पानं आधी फाटावीत आणि पहिली शेवटपर्यंत टिकावीत, तसं या आजारात होतं. कालचं आज जातं, लहानपणचं राहतं. आजार मागे फिरत नाही, गोळ्यांनी फार तर हळू चालतो. "त्यांच्याशी वाद घालू नका. त्या जिथं असतील तिथं तुम्ही जा." जिथं असतील म्हणजे कुठं? ती तर दिवसभर घरातच असते.

वहीत सहा रकाने आखले. झोप, जेवण, आंघोळ, औषध, फिरणं, आणि सहावा, 'मुलाला ओळखलं का?' रकाने रोज भरायचे. बाकी मजकूर सांगण्यासारखं काही घडलं तरच लिहायचा. खरं म्हणजे पहिले पाच रकाने डॉक्टरांसाठी आहेत, सहावा माझा. तिनं एकदा मला "हेमू" म्हणावं, एवढंच हवं आहे मला. त्यासाठी वाटेल ती मेहनत करीन.

सहावा रकाना: नाही.

१७ जुलै, गुरुवार

शास्त्रशुद्ध सुरुवात केली. घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. 'देवघर.' 'स्नानगृह.' 'हा पंखा आहे, बोट घालू नये.' चारुताला 'सून' अशी चिठ्ठी लावायला गेलो तर तिनं माझा हात झटकला. बालवाडीत बाई होती ती. शिस्तीशी तिचं कधी जमलं नाही.

शिवाय ती स्वतःच घोळ घालते. आई तिला द्वारकाबाई म्हणते. या द्वारकाबाई म्हणजे दौलताबादला आईच्या माहेरी शेजारी राहायच्या त्या. चारुता खुशाल "काय गं यमुने" म्हणून ओ देते आणि दोघी वाटाणे सोलत बसतात. याला आमच्या खात्यात कॉपी म्हणतात. मी आयुष्यात कॉपीला थारा दिला नाही.

माझ्यासाठी जाड पुठ्ठ्याचा बिल्ला केला. सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'हेमचंद्र (मुलगा)'. खिशाला टाचणीनं लावून आईसमोर उभा राहिलो. तिनं चष्मा लावला, मोठ्यानं वाचलं, "हेमचंद्र, मुलगा." मग चष्मा काढून विचारलं, "कुणाचा?"

नाही.

१८ जुलै, शुक्रवार

सकाळी दूध आणायला गेलो. दूधवाला माझ्या छातीकडे बघत म्हणाला, "साब, लडका है वो तो हमकू दिख रा. लिखने की क्या जरूरत?" बिल्ला काढायचाच राहिला होता. रांगेतले सगळे खो खो हसले. परत आलो तो तडक बिल्ला काढून टेबलावर आपटला.

संध्याकाळी शोधला तर बिल्ला गायब. आवडाबाईंना विचारलं. त्या मूळच्या सिल्लोडकडच्या, दिवसभर आईजवळ असतात. म्हणाल्या, "मी कशाला घिऊ तुमचा बिल्ला? मी कोन हाय ते मला ठावं हाय की."

चारुता हल्ली दुपारची चांगली दोन तास झोपते. साठीच्या आत हा आळस बरा नव्हे.

२६ जुलै, शनिवार

गेले तीन दिवस आई मला नाथादादा म्हणते आहे.

नाथादादा म्हणजे माझा एकनाथमामा, आईचा थोरला भाऊ. सोळा वर्षांपूर्वी वारला. दौलताबादला किल्ल्याखाली त्याची सीताफळाची झाडं होती. झाडं आपली आपण वाढत आणि मामा शीळ घालत गावभर हिंडे. काम कमी, हसणं जास्त. मला तो माणूस कधी आवडला नाही. मी त्याच्या तोंडावळ्यावर गेलोय असं लहानपणापासून ऐकत आलो, आणि केवळ त्याला होती म्हणून मी मिशी ठेवली नाही.

तो हिला आठवतो आणि मी आठवत नाही! फार लागलं मनाला. मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आलो.

मग तिला शांतपणे खरं ते सांगितलं. "आई, मी हेमू. नाथामामा गेला. सोळा वर्षं झाली."

"दादा गेला? कधी? मला कुणी कळवलं कसं नाही रे?" आणि आत्ता तार आल्यासारखी रडली. अर्ध्या तासानं कशासाठी रडतेय ते विसरली, पण रडणं थांबलं नाही. चार वाजता माझ्यासमोर कप धरून म्हणाली, "नाथादादा, चहा घेतोस?" मी पुन्हा खरं ते सांगितलं.

आज एकूण तीन वेळा सांगितलं. डॉक्टरांसाठी आकडा लिहून ठेवतो.

९ ऑगस्ट, शनिवार, राखीपौर्णिमा

आईनं आवडाबाईंकडून राखी आणवून ठेवली होती. सकाळी माझ्यासमोर आली, "हात पुढं कर, दादा." मी हात मागे घेतला. मुलाला राखी बांधतात का? सगळं नीट समजावून सांगितलं.

या वेळी ती रडली नाही, निराळंच झालं. उठली, डोक्यावरून पाणी घेतलं, देवांवरची फुलं काढली आणि देवघराचं दार लावून घेतलं. "सुतक आहे. कुणी देवाला शिवायचं नाही," म्हणाली. ऐन श्रावणात, सणाच्या दिवशी आमचे देव पारोसे. नारळीभात तसाच राहिला.

मी खोटं बोललो नाही. माझ्याकडून काही चुकलेलं नाही. तरी जेवण गेलं नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

सुतक चालूच आहे. रोज सकाळी मामाची चौकशी होते, मी उत्तर देतो आणि सुतक नव्यानं सुरू होतं. आज चारुतानं विचारलं, "पण यमुने, गेलं कोण?" आई म्हणाली, "ते आठवत नाही बाई. पण कुणीतरी गेलंय एवढं नक्की."

दुपारी आवडाबाई हात पुसत माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, येक इचारू का? मेल्याल्या मानसाला किती डाव मारता तुमी?"

"अहो, मी खरं तेच सांगतो."

"व्हय, तुमचं खरंच हाय. पन तुमी सांगून मोकळं हुता. म्हातारीला दर डावाला नवं रडावं लागतंय."

मी काही बोलायच्या आत चारुता स्वयंपाकघरातून आली. "अहो, सोळा दिवसांनी गणपती यायचेत. सुतकात गणपती बसत नाहीत. तोवर मामा जिवंत झाले पाहिजेत. कसे ते तुमचं तुम्ही बघा."

दोघी एक झाल्या की माझं काही चालत नाही.

१३ ऑगस्ट, बुधवार

मामा आईला "यमे" म्हणायचा. मी सकाळी मोरीचं दार लावून सराव केला. जन्मदात्या आईला नावानं हाक, तीही यमे! जीभ वळेना. बाहेरून चारुता म्हणाली, "मोठ्यानं म्हणा, आम्हालाही ऐकू दे."

राखीपासून आईनं आंघोळ केली नव्हती. मी तिला रोज आरोग्याचे फायदे सांगत होतो. आज खुर्ची ओढली, पायावर पाय टाकून बसलो आणि म्हणालो, "काय यमे! अजून पारोशीच? आवर की. भद्रा मारुतीला जायचंय ना?"

तिचा चेहरा असा काही उजळला की मी बघतच राहिलो. "आलास होय रे दादा! बैस, पाच मिनिटांत आले." आणि खरंच गेली. आवडाबाई म्हणतात, न्हाणीत गाणं म्हणत होती. बाहेर आली, देवघराचं दार उघडलं, देवांना फुलं वाहिली. भद्रा मारुती तोवर विसरली होती.

मुलाचं ऐकत नव्हती, भावाचं ऐकलं. मला हेवा वाटला, तोही मेलेल्या माणसाचा.

आंघोळ: होय. मुलाला ओळखलं का: नाही. आणि माझ्यापुरती नोंद म्हणजे, वयाच्या बासष्टाव्या वर्षी पहिली कॉपी केली.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

गणपती थाटात बसले. आईला पाचही आरत्या पाठ, एक कडवं चुकलं नाही. मी दोनदा चुकलो. तिनं टाळ्या न थांबवता डोळे वटारले.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज आईनं माझ्याजवळ माझी तक्रार केली.

आम्ही ओट्यावर बसलो होतो. मी मामा झालो होतो. हल्ली चहानंतर होतोच. ती आवाज खाली आणून म्हणाली, "दादा, माझ्या हेमूचं काही खरं नाही बघ."

"का गं? काय केलं त्यानं?"

"सगळ्यांच्या चुका काढत बसतो. परवा सत्यनारायणाला गुरुजींना मध्येच थांबवलं. म्हणे, तुम्ही अध्याय गाळला."

ही 'परवा'ची गोष्ट मी पाचवीत असतानाची आहे. "गाळला असेल तर सांगायला नको का?" मी म्हणालो. राहवलं नाही.

"गाळला तर गाळला. देवाला का कथा ठाऊक नाही?"

"पण हुशार आहे ना तो?"

"हुशार आहे रे. पण भित्रा आहे. आपली चूक निघेल म्हणून दुसऱ्याची आधी काढतो." मग एकदम पदर तोंडाला लावून हसायला लागली. "किल्ल्यातली अंधारी आठवते का तुला?"

आठवणारच. दौलताबादच्या किल्ल्यात वर जायची वाट काळ्याकुट्ट बोगद्यातून जाते, ती अंधारी. मी सहा वर्षांचा असताना ती एकट्यानं, ताठ मानेनं पार केली. माझी मुलगी स्वराली हा किस्सा ऐकतच मोठी झाली आहे.

"तू खांद्यावर घेतलं होतंस त्याला," आई म्हणाली. "डोळे गच्च मिटून मुसमुसत होता. त्याला भीती वाटू नये म्हणून तू सगळी वाट शीळ घातलीस. त्यानं तुझ्या मानेवरच धार सोडली! आणि वर आल्यावर लोकांनी विचारलं तर काय म्हणालास? माझा तांब्या हिंदकळला."

ती हसून हसून लोटपोट झाली. मीही हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आवडाबाई दारात येऊन बघून गेल्या.

बासष्ट वर्षांच्या माणसाला असं काही खोटं आठवावं, आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या रुग्णाला खरं. डॉक्टरांना विचारायला हवं की ही परीक्षा नक्की कुणाची चालू आहे. आणि मामा. इतकी वर्षं सगळ्यांवर हसला, पण ही गोष्ट शेवटपर्यंत कुणाला सांगितली नाही.

सहावा रकाना: नाही. विषय मात्र निघाला होता.

२२ सप्टेंबर, सोमवार

चारुता चार दिवस बहिणीकडे जाऊन आली. मी एकटा होतो. तेव्हा कळलं की आई पहाटे उठते, शाळेची वेळ झाली म्हणते, आणि कुणीतरी तिच्याबरोबर घरभर फेऱ्या मारल्याशिवाय पुन्हा आडवी होत नाही. हे कुणीतरी आजवर चारुता होती. मी चारही दिवस दुपारी दोन तास झोपलो.

१८ जुलैच्या पानावर आळसाबद्दल एक वाक्य लिहिलं होतं. त्याखाली लाल रेघ ओढली, वर 'चूक' लिहिलं आणि शेजारी सही केली. खाडाखोड केली की शेजारी सही हवीच, हा आमच्या खात्याचा नियम. चारुताला पान दाखवलं. रात्री तिनं साबुदाण्याचे वडे केले, जे गेली दोन वर्षं माझ्या कोलेस्टेरॉलमुळे करत नव्हती.

८ ऑक्टोबर, बुधवार

सगळेच दिवस हसायचे नसतात. आज आईनं ताट भिरकावलं, आवडाबाईंच्या हाताला ओरबाडलं. "मला घरी जाऊ द्या" एवढं एकच चालू होतं. यमे म्हणून पाहिलं, शीळ घालून पाहिली (हल्ली थोडी जमते). काही उपयोग झाला नाही. शेवटी माझा तोल गेला. मी ओरडलो, "अगं हेच तुझं घर! मी हेमू! तुझा हेमू!"

ती भिंतीला चिकटली. मला घाबरली. मला, माझी आई.

मी बाहेर जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं ती फाटकाशी आली आणि गज धरून रस्त्याकडे बघत राहिली. मी लांबूनच विचारलं, "काय बघतेस, यमे?"

"हेमू यायचाय शाळेतून. साडेपाच वाजून गेले. आज उशीर का झाला असेल रे?"

पायरीवर फडकं टाकलं, तिला बसवलं, शेजारी मी बसलो. म्हणालो, "येईल. आपण दोघं वाट बघू." समोरून मुलं सायकलवरून जात होती. प्रत्येकाकडे ती मान उंच करून बघे. "हा नव्हे," मी म्हणे. असा तासभर मी माझीच वाट बघत बसलो. चहा आला तेव्हा ती वाट बघायची विसरली. आवडाबाईंच्या हाताला स्वतःच्या हातानं हळद लावली आणि म्हणाली, "कुठं गं ओरबाडून घेतलंस?" आवडाबाई म्हणाल्या, "बोरीचा काटा लागला, माय."

रोज साडेपाचला वाट बघते का, असं आवडाबाईंना विचारलं. "व्हय, रोजच की," म्हणाल्या. तीन महिने झाले वही लिहितो आहे, आणि याला माझ्याकडे रकानाच नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

स्वराली पुण्याहून दिवाळीला आली. दारातच थबकली. "आई, शीळ कोण घालतंय?"

"मामा," चारुता म्हणाली.

स्वरालीला अंधारीची खरी हकीकत सांगितली, तांब्यासकट. ती म्हणाली, "बाबा, जुनीपेक्षा ही कितीतरी छान आहे." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुम्ही मिशी ठेवताय का?" दोन दिवस दाढी राहिली आहे, बाकी काही नाही.

भाऊबीज गुरुवारी आहे. आई आत्तापासून विचारते आहे, दादा येईल ना? राखीला हात मागे घेतला होता, तो डोळ्यांसमोरून हलत नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

सकाळच्या बसनं दौलताबादला जाऊन सीताफळं आणली. मामा भाऊबीजेला ओवाळणी म्हणून आईच्या तबकात नेहमी सीताफळच घालायचा. मी लहानपणी त्याला मनातल्या मनात चिक्कू म्हणायचो. आज झाडाखाली बसलेल्या म्हातारबांना मामाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "नाथा? आईबाप गेल्यावर त्यानंच वाढवलं की बहिनीला. शाळा सोडली त्या पोरानं. डोक्यावर पाट्या घिऊन पायी शहरात जायचा फळं इकायला." मला हे कुणी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं?

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

सकाळी दहा वाजता मी पाटावर बसलो. डोक्यावर टोपी, पाटाभोवती आवडाबाईंची रांगोळी. आई नारायणपेठ नेसली होती. हात थरथरतो म्हणून स्वरालीनं तबकाला खालून आधार दिला होता. कुंकू, अक्षता, अंगठी, सुपारी, मग निरांजन. मी सवयीनं क्रम बघत होतो. कुठं चूक नव्हती.

ओवाळून झाल्यावर मी तबकात सीताफळ ठेवलं. तिनं ते दाबून पाहिलं, वास घेतला. "आपल्याच झाडाचं," म्हणाली. मग तबक खाली ठेवलं. "पण एवढ्यानं भागायचं नाही, दादा. आज मी मागून घेणार आहे."

"माग की, यमे."

तिनं कमरेचा बटवा काढला. त्यातून सुपारी निघाली, लवंगा निघाल्या आणि सगळ्यात खालून एक पुठ्ठा निघाला. कोपरे मऊ पडलेले, एका कडेला हळदीचा डाग. माझा बिल्ला. चष्मा नव्हता, तरी तिनं अक्षरांवरून बोट फिरवत वाचलं, "हेमचंद्र. मुलगा." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "माझा."

मी उगाच टोपी सावरली.

"हल्ली माझ्या डोक्यात काही राहत नाही रे दादा. सगळं सांडतंय. याचं नाव सांडू नये म्हणून जवळ ठेवलंय. रोज वाचते." तिनं बिल्ला माझ्या हातात दिला आणि वरून तिचा हात ठेवला. "मी विसरले तर तू त्याला सांभाळ. चिडका आहे, भित्रा आहे, पण मनानं वाईट नाही. अंधारात एकटा सोडू नकोस त्याला. घालशील एवढी ओवाळणी?"

"घातली, यमे," मी म्हणालो. आवाज माझाही नव्हता आणि मामाचाही नव्हता.

"मग झालं तर. ऊठ, चकली खा," ती म्हणाली. चारुता पदरानं डोळे पुसत होती. आवडाबाई म्हणाल्या, "आता ह्ये कशाला रडायचं? सनाचा दिस हाय." आणि स्वतःच रडायला लागल्या. आईनं सगळ्यांना दटावून एकेक करंजी हातात दिली. बिल्ला तिनं माझ्याकडून परत मागून घेतला आणि बटव्यात ठेवला. "मला रोज लागतो," म्हणाली.

दुपारी सगळे जेवून लवंडले तेव्हा वही काढून बसलो. १४ जुलैपासून कालपर्यंत सहाव्या रकान्यात एकशे एक 'नाही' आहेत. मोजले, दोनदा. फेरतपासणीत गुण सहसा वाढवायचे नसतात. पण चूक तपासणाऱ्याचीच निघाली तर वाढवावे लागतात, तसा नियमच आहे. लाल पेन घेतलं. एकेका 'नाही'खाली रेघ ओढली, वर 'होय' लिहिलं. खाडाखोडीशेजारी सही हवी. नोकरीत करायचो ती लांबलचक सही मात्र आज हातून येईना. तिथं 'हेमू' लिहिलं, एकशे एक वेळा.

आजचा रकाना कोरा होता. तिथं पहिल्या झटक्यात 'होय' लिहिलं.

साडेपाच वाजत आले. फाटकाशी वाट बघायला कुणीतरी बरोबर हवं. हाक आलीच, "नाथादादा, येतोस ना रे? हेमू यायची वेळ झाली."

आलो गं, यमे.